हे तळं कुणी बांधलं?

श्रीलंकेच्या सहलीचं कुठलंही माहितीपत्रक उघडलं तर त्यात दोन रकाने हमखास असतात. एकात 'निसर्ग': हत्ती, धबधबे, चहाचे मळे, समुद्रकिनारे. दुसऱ्यात 'इतिहास': स्तूप, किल्ले, राजवाड्यांचे चौथरे. सकाळी एक रकाना, दुपारी दुसरा, अशी आखणी. आमच्या पत्रकात मिन्नेरिया पहिल्या रकान्यात होतं. जीपमधून हत्ती बघायचे, संध्याकाळी हॉटेलवर परत.

मिन्नेरियाचा हत्तींचा मेळा ऑगस्ट-सप्टेंबरातला. आजूबाजूच्या जंगलातले पाणवठे आटले की कळपच्या कळप मिन्नेरियाच्या तळ्याकडे येतात. तळ्याचं पाणी मागे सरकलेलं असतं आणि उघड्या पडलेल्या गाळावर कोवळं गवत तरारून आलेलं असतं. माद्या ते गवत सोंडेने उपटतात, पायावर आपटून माती झाडतात आणि मग तोंडात घालतात. पिल्लांना ही झाडायची युक्ती अजून जमलेली नसते, ती नुसतीच सोंड हलवत बसतात. शेकडो हत्ती एका नजरेत मावतात, असं दृश्य आशियात दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. मी बघत राहिले. मग आमच्या जीपवाल्याने पलीकडच्या लांबलचक हिरव्या टेकाडाकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, 'तो बांध. महासेन राजाचा.'

म्हणजे हे सगळं तळंच मुळात माणसाने केलेलं. अनुराधपूरच्या महासेन राजाने 3ऱ्या शतकाच्या अखेरीस मातीचा बांध घालून आणि अंबन गंगेचं पाणी कालव्याने वळवून ते भरलं. हेतू भातशेतीचा होता. लोकांनी या राजाला पुढे देव करून टाकलं; 'मिन्नेरी देवियो' म्हणून त्याची आजही पूजा होते. 1997 मध्ये तळं आणि भोवतालचं रान राष्ट्रीय उद्यान झालं. सतराशे वर्षांपूर्वीच्या पाटबंधाऱ्याच्या गाळपेरावर आज हत्ती चरतात आणि पत्रक त्याला निसर्ग म्हणतं. अलीकडे त्यात आणखी एक गुंता झालाय. वरच्या अंगाला मोरगहकंदचं नवं धरण झालं, त्याचं पाणी इकडे येऊ लागलं आणि ऐन कोरड्या महिन्यांतही तळं भरलेलं राहू लागलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने उत्तम. पण गवताची कुरणं पाण्याखाली जातात आणि हत्ती उपाशी राहतात, अशी वन्यजीव अभ्यासकांची तक्रार आहे. हत्तींना काय हवंय, तर तळं आटायला हवंय. पाटबंधाऱ्याच्या साहेबाला हे कसं समजावायचं?

त्या संध्याकाळनंतर ते दोन रकाने माझ्यापुरते बाद झाले. पुढे ज्या ज्या प्रांतात गेले तिथे मी एकच प्रश्न घेऊन गेले: हे इथे आपसूक आहे, की कुणी केलंय?

तळी का बांधावी लागली, हे नकाशावर नाही, पावसात आहे. आपल्याला हे समजायला सोपं जातं. सह्याद्री जसा कोकणाला भिजवून माणदेशाला कोरडं ठेवतो, तसे लंकेचे मधले डोंगर नैर्ऋत्येचा पाऊस अडवतात. कोलंबो, गाले, रत्नपुरा मे महिन्यापासून चिंब. उत्तर आणि पूर्व कोरडी ठणठणीत. फरक एवढाच, की त्यांच्या माणदेशाला साधारण ऑक्टोबरापासून जानेवारीपर्यंत दुसरा पाऊस मिळतो, ईशान्येचा. तेवढं पाणी धरून ठेवलं तर वर्ष निघतं, नाही धरलं तर समुद्रात जातं. म्हणून त्या कोरड्या पट्ट्यात हजारो तळी आहेत. त्यांना 'वेव' म्हणतात. एका ओढ्यावर एकाखाली एक अशी माळच असते. वरच्या तळ्याचं पाणी शेतातून झिरपून खालच्या तळ्यात उतरतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने ही पद्धत जागतिक कृषी वारशाच्या यादीत घेतली आहे, ते योग्यच झालं.

मोठ्या तळ्याची खरी अडचण भिंत बांधण्याची नसते, भिंतीला भोक पाडण्याची असते. तळं भरलेलं असताना मोरी उघडली की पाण्याचा जोर बांधच खाऊन टाकतो. सिंहली कारागिरांनी त्यावर 'बिसोकोटुव' काढली. बांधाच्या आतल्या अंगाला दगडांनी बांधलेला चौकोनी हौद. पाणी आधी त्यात येऊन निवतं, तिथल्या दरवाजाने त्याला आवर घालतात आणि मग ते मोरीतून बाहेर सोडतात. ब्रिटिश काळात सिलोनच्या पाटबंधारे खात्यात काम केलेल्या हेन्री पार्करने या हौदांबद्दल लिहून ठेवलंय, ते एका इंजिनिअरने दुसऱ्या इंजिनिअरला केलेल्या सलामासारखं आहे. आणि कालवे? कलावेव तळ्यापासून अनुराधपूरला पाणी नेणारी जय गंगा सुमारे 87 किलोमीटर लांब आहे. सुरुवातीच्या टप्प्यात तिचा उतार किलोमीटरला जेमतेम 10 सेंटिमीटर. 5व्या शतकात हे कुणी आणि कशाने मोजलं असेल, असा विचार करत मी तिच्या काठाने थोडी चालले. एक बाई गुडघाभर पाण्यात उभी राहून कपडे धूत होती.

हे कलावेव बांधणारा राजा धातुसेन. त्याचा मुलगा कश्यप याने बंड करून त्याला कैद केलं आणि 'खजिना कुठे लपवलास?' म्हणून छळलं. इतिवृत्तात गोष्ट अशी आहे की म्हातारा राजा त्यांना कलावेववर घेऊन गेला, पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझा खजिना एवढाच. मग त्याला भिंतीत जिवंत चिणण्यात आलं. बापाला असं मारणारा कश्यप राजधानीत सुखाने राहू शकला नाही. रानातल्या जवळजवळ 200 मीटर उंच सुळक्यावर जाऊन त्याने राजवाडा बांधला. तो सिगिरिया. साल 477 ते 495.

ही सालं मराठी माणसाने जरा थांबून वाचावीत. अजिंठ्याचं सतरा क्रमांकाचं लेणं साधारण त्याच सुमाराचं, वाकाटक हरिषेणाच्या काळातलं. त्यात एका अख्ख्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापारीपुत्राची गोष्ट रंगवली आहे: गलबतं, राक्षसिणी, हत्तींवरून चाललेली लढाई, लंकेतला प्रवेश. वाघूर नदीच्या काठी आपले चितारी लंकेची गोष्ट रंगवत होते आणि त्याच पिढीत, किंवा फार तर पुढच्या, लंकेतले चितारी सिगिरियाच्या कड्याला टांगून ढगांतून वर येणाऱ्या बायका काढत होते. हातात फुलं, गळ्यात दागिने, डोळे अर्धे मिटलेले. त्या दासी आहेत की अप्सरा की राण्या, यावर पंडितांत एकमत नाही. मला त्यांची बोटं अजिंठ्याच्या बोटांची चुलत बहीण वाटली. दोन्हीकडे आग्या मोहोळंही आहेत. सिगिरियाला सिंहशिल्पाच्या पंजांपाशी 'शांतता राखा' अशा पाट्या आहेत आणि माश्या उठल्याच तर लपायला जाळीची खोली केलेली आहे.

चित्रांपेक्षाही मी जास्त वेळ खालच्या आरसे-भिंतीपाशी काढला. एकेकाळी चकचकीत घोटलेल्या या भिंतीवर 8व्या ते 10व्या शतकातल्या पर्यटकांनी कविता कोरून ठेवल्यात. होय, पर्यटकांनीच. तोवर राजवाडा ओस पडून शतकं झाली होती आणि लोक वर येऊन त्या बायका बघत, त्यांच्यावर लुब्ध होत, त्या बोलत नाहीत म्हणून रुसत आणि तसं लिहून खाली उतरत. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी यातल्या 685 कविता वाचून 1956 मध्ये प्रसिद्ध केल्या. जुन्या सिंहली कवितेचा तो मोठा ठेवा आहे. आपण किल्ल्यावर बदाम कोरणाऱ्याला शिव्या घालतो, त्या घालाव्यातच. पण हजार वर्षं टिकला तर तोही वारसा होतो, ही पंचाईत आहे. उतरताना खालच्या बागा नीट बघा. तिथली कारंजी चुनखडीच्या भोकाभोकांच्या चकत्यांची आहेत आणि चांगला पाऊस झाला तर अजूनही उडतात.

सिगिरिया सरकारी कागदावर मध्य प्रांतात येतं, म्हणजे कँडी आणि नुवारा एलियाच्या थंड डोंगरांच्या जोडीला. प्रत्यक्षात ते कोरड्या पट्ट्याच्या सपाटीवर आहे. आजचे नऊ प्रांत इंग्रजांनी आखले: 1833 मध्ये पाच केले, 1889 पर्यंत नऊ झाले. पहिल्या आखणीत कँडीचं जुनं राज्य मुद्दाम वेगवेगळ्या प्रांतांत वाटून टाकलं, जेणेकरून ते पुन्हा एकजूट होऊ नये. 1987 च्या भारत-श्रीलंका करारानंतर याच प्रांतांना परिषदा मिळाल्या. तेव्हा प्रांतानुसार सहल आखू नये. पावसानुसार आखावी.

उत्तर-मध्य प्रांतातली अनुराधपूर आणि पोलोन्नरुव ही दोन नगरं बघायला खरं तर धीर लागतो. एकामागून एक स्तूप बघून डोळे थकतात. अनुराधपूरचा जेतवन स्तूपही त्याच महासेनाचा. मूळ उंची सुमारे 122 मीटर, सगळा विटांचा. बांधला तेव्हा गिझाच्या दोन मोठ्या पिरॅमिडांखालोखाल जगातली सर्वांत उंच वास्तू तीच होती. पण गर्दी तिथे नसते. गर्दी असते एका झाडापाशी. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून आणलेली पिंपळाची फांदी इ.स.पू. 3ऱ्या शतकात इथे लावली. माणसाने लावलेलं, लागवडीचा काळ माहीत असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं झाड. आज त्याच्या म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू दिले आहेत. पांढऱ्या कपड्यातली कुटुंबं सावलीत पथारी टाकून बसतात, डबे उघडतात, आजी नातवाला झोपवते. आता हे झाड कुठल्या रकान्यात घालायचं, ते पत्रकवाल्यांनीच ठरवावं.

जवळच मिहिंतले. अशोकाचा मुलगा महिंद इथे देवानंपिय तिस्स राजाला भेटला. राजा हरणाच्या शिकारीवर निघालेला. महिंदाने उपदेशाआधी त्याची परीक्षा घेतली: हे झाड कोणतं? आंब्याचं. याखेरीज आंब्याची झाडं आहेत? पुष्कळ. आंब्याखेरीज झाडं आहेत? पुष्कळ. ती सगळी आणि ते सगळे आंबे सोडून आणखी झाड उरतं का? राजा म्हणाला, उरतं की, हे समोरचं आंब्याचं. पास झाला. शिकार सुटली ती सुटलीच, आणि मिहिंतलेचं रान अभयारण्य ठरलं, अशी तिथली श्रद्धा.

पोलोन्नरुव पुढचं. चोळांनी अनुराधपूर जिंकल्यावर सत्ता इथे आली; विजयबाहूने 1070 मध्ये चोळांना हटवलं. 12व्या शतकातला पराक्रमबाहू हा इथला मोठा राजा. पावसाचा थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रात जाता कामा नये, हे त्याचं धोरण, आणि त्याने बांधलेल्या तळ्याला लोक 'पराक्रम समुद्र' म्हणतात. गल विहारात एकाच कातळात चार मूर्ती कोरल्या आहेत. निजलेला बुद्ध 14 मीटरांचा, उभी मूर्ती 7 मीटरांची. दगडाच्या अंगातले काळे-करडे पट्टे बुद्धाच्या कपाळावरून, गालांवरून, उशीवरून वाहत गेलेत. शिल्पकाराला ते टाळता आले नसते हे खरं, पण ते टाळावेसे वाटले असते असं मला वाटत नाही. 13व्या शतकात स्वाऱ्या झाल्या, तळी फुटली, हिवताप आला, माणसं नैर्ऋत्येला सरकली आणि रानाने दोन्ही नगरं झाकली.

बुद्धाचा दात जपलाय असं मानतात त्या कँडीच्या दंतमंदिराचा सोहळा सगळ्यांना ठाऊक असतो, म्हणून मी त्यात शिरत नाही. गोव्याची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. 1560 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय कोन्स्तांतिनु द ब्रागांसा याने जाफन्यावर स्वारी केली आणि बुद्धाचा म्हणून एक दात गोव्यात आणला. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या राजाने त्यासाठी प्रचंड रक्कम देऊ केली. व्हाइसरॉयच्या रिकाम्या तिजोरीला मोह झाला, पण आर्चबिशप अडून बसला आणि सगळ्यांसमक्ष तो दात कुटून, जाळून, राख नदीत सोडली, असं पोर्तुगीज बखरकार सांगतात. सिंहली लोक शांतपणे म्हणतात, तो खरा नव्हताच. मंदिरासमोरचं सुंदर सरोवरही, सवयीने विचारलं तर, केलेलंच निघतं: शेवटचा राजा श्रीविक्रम राजसिंह याने 1807 मध्ये भातखाचरं बुडवून ते करवलं. आठ वर्षांत राज्य गेलं आणि त्याला वेल्लोरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं.

चहाचे डोंगर हा तर लंकेचा चेहराच. पण तो चेहरा दीडशे वर्षांचा आहे. आधी तिथे घनदाट डोंगरी जंगल होतं. ते तोडून इंग्रजांनी कॉफी लावली. 1869 मध्ये कॉफीच्या पानांवर तांबेरा आला आणि बघता बघता बागा बसल्या. जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश मळेवाल्याने 1867 मध्येच लूलकंदुरा इथे चहा लावून ठेवला होता, तो मग सगळीकडे पसरला. पानं खुडायला तमिळनाडूतून मजूर आणले. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतल्या बहुतेकांना कुठल्याच देशाचं ठेवलं नाही. 1964 च्या सिरिमा-शास्त्री कराराने काहींना इकडे, काहींना तिकडे वाटलं. मळ्यातल्या बैठ्या चाळींना अजून 'लाइन' म्हणतात. नानुओयाहून एल्लाला जाणाऱ्या गाडीच्या दारात लटकून फोटो काढणारी मंडळी त्या चाळींच्या अगदी अंगणातून जातात. गाडी सुंदर आहे, मीही खिडकी सोडली नाही.

एल्ला मला आवडलं नाही. नऊ कमानींचा पूल, 1921 चा, दगड-विटा-सिमेंटचा, लोखंड न वापरलेला, तो देखणाच. गावात मात्र फक्त कॅफे उरलेत. त्यापेक्षा उवा प्रांतात कतरगामाला जावं, जिथे बौद्ध, हिंदू, मुसलमान एकाच आवारात येतात. किंवा मागे फिरून हॉर्टन पठारावर. सकाळी लवकर पोहोचा. नऊ-दहानंतर धुकं कड्याचा ताबा घेतं आणि सुमारे 870 मीटर खोल दरीच्या जागी पांढरा पडदा दिसतो. फाटकावर प्लास्टिकची तपासणी होते आणि बिस्किटांचं वेष्टण काढून कागदात बांधून देतात. आमच्या चकल्याही कागदात गेल्या.

सबरगमुव प्रांत आपल्याकडच्या सहलींत बहुधा गळतो. त्याच्या सीमेवर श्रीपाद आहे, 2,243 मीटरांचा टोकदार डोंगर. माथ्यावरच्या पावलाच्या आकाराच्या खळग्याला बौद्ध बुद्धाचं, हिंदू शिवाचं, मुसलमान आदमचं, काही ख्रिस्ती संत थॉमसचं पाऊल मानतात. 1344 मध्ये इब्न बतूता इथे चढून गेला होता. डिसेंबर ते मे हा यात्रेचा हंगाम. रात्रभर दिव्यांच्या माळेतून चढायचं आणि सूर्योदयाला डोंगराची त्रिकोणी सावली पश्चिमेला पडलेली बघायची. आणि सिंहराज: हे मात्र खरंच कुणी केलेलं नाही. ओल्या पट्ट्यातलं उरलंसुरलं मूळ जंगल. जळवांसाठी मोजे बांधून जायचं. तिथे वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र टोळीने रान धुंडाळतात. पाच मिनिटं चिडीचूप, मग अचानक चारी बाजूंनी किलबिल. पण तेही नुसतं आपसूक टिकलेलं नाही. 1970 च्या दशकात प्लायवूडसाठी त्याची तोड सुरू झाली होती. ओरड झाली, 1977 मध्ये तोड थांबली आणि 1988 मध्ये ते जागतिक वारसा झालं.

दक्षिणेत गालेचा किल्ला बघाच, पण क्रिकेटचं वेड असेल तर तटावर बसून खालचं मैदान बघा. 2010 च्या जुलैत मुरलीधरनने आठशेवा बळी तिथेच घेतला, आपल्या प्रग्यान ओझाचा. 2004 च्या त्सुनामीत मैदान वाहून गेलं होतं, तट उभे राहिले. डचांच्या त्या तटात प्रवाळाचे दगड आहेत, जवळ गेलं की नक्षी दिसते. 1911 मध्ये या गावात एक शिलालेख सापडला, चिनी दर्यावर्दी झेंग ह याने आणलेला, 1409 सालचा. चिनी मजकुरात बुद्धाची स्तुती, तमिळमध्ये विष्णूची, फारसीत अल्लाची. तो आता कोलंबोच्या संग्रहालयात आहे आणि माझ्या मते कोलंबोत थांबायचं तेवढं एक कारण पुरे.

उत्तर प्रांत 2009 पर्यंत युद्धात होता. जाफन्याचं पांढरंशुभ्र वाचनालय 1981 मध्ये जाळलं गेलं, सुमारे 97,000 पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. इमारत पुन्हा बांधली आहे. आत मुलं स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करत असतात. द्वीपकल्पात बारमाही नदी नाही, सगळी मदार चुनखडीतल्या विहिरींवर, म्हणून इथे तळ्यांच्या गोष्टी नाहीत, विहिरींच्या आहेत. आमच्या घरमालकीण अक्कांनी चहाआधी विहिरीचं पाणी दिलं आणि 'आता गोड आहे, ऑगस्टात खारट लागतं' हेही सांगितलं. कुरिकट्टुवानच्या धक्क्यावरून बोटीने नेडुंतीवू, म्हणजे डेल्फ्ट बेटावर जाता येतं. तिथे प्रवाळाच्या रचीव गडग्यांमधून रानटी घोडे फिरतात. त्यांचे पूर्वज युरोपीय राजवटींनी आणून ठेवलेले. साहेब गेले, तबेले पडले, घोडे राहिले. एक पोकळ गोरखचिंचेचं झाडही आहे, अरब व्यापाऱ्यांनी आणलं असं सांगतात.

वायव्य प्रांतातलं विल्पत्तु राष्ट्रीय उद्यान बहुतेक जण बिबट्यासाठी बघतात. मला तिथले 'विल्लू' बघायचे होते: वाळूच्या काठांचे, पावसाच्या पाण्याने भरणारे नैसर्गिक डोह. साऱ्या बेटावर मोठं नैसर्गिक सरोवर नाही, त्यामुळे या उथळ डोहांचं अप्रूप. तळ्यांच्या देशात न बांधलेलं तळं शोधायला इतकं लांब यावं लागतं. सिंहलींचा मूळपुरुष विजय राजपुत्र याच किनाऱ्यावर उतरला, असं मानतात. महावंस हे लंकेचं जुनं इतिवृत्त सांगतं की त्याआधी त्याचं गलबत सुप्पारकला लागलं होतं. तिथे त्याच्या माणसांनी दंगा केला म्हणून त्याला पुढे निघावं लागलं. सुप्पारक म्हणजे आपलं नालासोपारा. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, तो आजही आहे, विरार लोकलच्या आवाक्यात. सिंहली इतिवृत्त नालासोपाऱ्याहून हाकललेल्या माणसांपासून सुरू होतं, हे कळल्यावर माझ्या वसईच्या मामीला फार आनंद झाला.

जायचं असेल तर एवढं धरा. डिसेंबर ते मार्च: गाले, श्रीपाद, चहाचे डोंगर. जुलै ते सप्टेंबर: त्रिंकोमाली आणि पूर्व किनारा, मिन्नेरिया, जाफना, तिथल्या नल्लूर मंदिराची जत्राही त्याच सुमाराला येते, पुरुषांनी तिथे शर्ट काढून आत जायचं असतं. सिगिरियाचं परदेशी तिकीट महाग आहे, सार्क देशांच्या नागरिकांना सवलत मिळते, पण पासपोर्ट हातात लागतो, फोनमधला फोटो चालेलच असं नाही. स्तूपांच्या आवारात पादत्राणं बाहेर ठेवावी लागतात आणि दुपारी फरशी तापते, तेव्हा मोजे बरोबर असू द्या. सगळे नऊ प्रांत एका फेरीत कोंबणारी सहल मिळते; ती घेऊ नका. तीनच घ्या आणि त्यात निदान एका तळ्याच्या बांधावरून पायी चाला, मोरीपासून सांडव्यापर्यंत.